पॉल ल्यूके आणि भाडेनियंत्रणाची गाठ: पश्चिम जर्मनीने ती कशी सोडवली, आणि कुठे चुकली

१९५७ साली पश्चिम जर्मनीतल्या कुठल्याही मोठ्या शहरात एकाच गल्लीत तीन तऱ्हेची भाडी सापडायची. कोपऱ्यावरची जुनी इमारत बॉम्बहल्ल्यांतून वाचलेली. तिचं भाडं १९३६ साली गोठवलेलं आणि नंतर एखाद-दुसऱ्या वेळी थोडंसं वाढवू दिलेलं. तिच्या शेजारी सरकारी कर्जातून उभी राहिलेली नवी इमारत, तिचं भाडं सरकारी नियमाने बांधलेलं. आणि पलीकडे कुणीतरी स्वतःच्या पैशांनी बांधलेली तिसरी, तिथे भाडं बाजारात मिळेल तेवढं. खोल्या जवळपास सारख्या, भाड्यात मात्र दुपटीतिपटीचा फरक. स्वस्त घरात गरीबच राहत होते असंही नव्हतं. जो १९४५-४६ साली त्या घरात होता, तो तिथे राहिला. मधल्या काळात तो कारखान्यात फोरमन झाला असेल, त्याचा पगार दुप्पट झाला असेल, भाडं तेच. आणि नुकतं लग्न झालेलं, कमी पगाराचं जोडपं तिसऱ्या इमारतीतलं महागडं भाडं भरत होतं.

ही गाठ सोडवण्याचं काम ज्यांच्याकडे आलं ते पॉल ल्यूके. १९५७ ते १९६५ अशी सलग आठ वर्षं ते गृहनिर्माण खात्याचे केंद्रीय मंत्री होते. 'भाडेनियंत्रण उठवणारा मंत्री' एवढीच त्यांची ओळख सांगितली जाते. ती अर्धवट आहे. नियंत्रण कोणीही एका सहीने उठवू शकतो. ल्यूके यांचं खरं काम होतं ते त्याचा क्रम लावण्याचं: आधी घरं बांधा, मग जिल्ह्याजिल्ह्याने नियंत्रण सैल करा, आणि ज्याला नवं भाडं झेपणार नाही त्याच्या हातात पैसे द्या. हा क्रम जिथे पाळला गेला तिथे फारशी पडझड झाली नाही. जिथे आकड्यांनी फसवलं तिथे भाडेकरू भरडले गेले.

माणूस कोण होता

ल्यूके यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१४ चा, कोलोनच्या पूर्वेला डोंगराळ भागातल्या श्योनेबोर्न या खेड्यातला. घरचं वातावरण कॅथलिक. शाळेनंतर त्यांनी फिटरचं काम शिकलं आणि पुढे इंजिनिअर झाले. दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून गेले आणि एक पाय गमावून परतले. युद्ध संपल्यावर ते स्थानिक प्रशासनात काम करू लागले. त्या दिवसांत स्थानिक प्रशासन म्हणजे मुख्यतः एकच प्रश्न होता: पूर्वेकडून हाकलून दिलेली माणसं रोज येत आहेत, त्यांना आज रात्री कुठे झोपवायचं?

१९४९ साली पहिली बुंडेस्टाग म्हणजे पश्चिम जर्मनीची संसद निवडली गेली, तेव्हा ते ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन म्हणजे सीडीयूचे खासदार झाले आणि १९७२ पर्यंत राहिले. पुनर्बांधणी आणि गृहनिर्माण या संसदीय समितीचं अध्यक्षपद त्यांनी मंत्री होईपर्यंत सांभाळलं. त्यामुळे खातं हातात आलं तेव्हा त्यांना विषय शिकायचा नव्हता. आधीच्या मंत्र्यांचे कायदे त्यांच्याच समितीतून घासूनपुसून गेले होते, आणि १९५६ चा दुसरा गृहनिर्माण कायदा तर मुख्यतः त्यांच्याच धडपडीतून आला होता.

योगायोग असा की ल्यूके या जर्मन शब्दाचा अर्थ 'फट', 'उणीव' असा होतो. घरांची उणीव भरून काढायला निघालेल्या मंत्र्याच्या योजनेला सगळा देश 'ल्यूके योजना' म्हणायचा.

आधीची परिस्थिती: तीन पायांचं नियंत्रण

युद्धानंतर पश्चिम भागातली वीस लाखांहून अधिक घरं नष्ट झालेली किंवा राहण्याजोगी उरली नव्हती. त्यातच पूर्वेकडच्या प्रदेशांतून हाकलले गेलेले जवळजवळ ८० लाख लोक १९५० पर्यंत पश्चिम जर्मनीत आले होते. एकूण तूट ५० लाख घरांच्या आसपास धरली जायची.

अशा वेळी उभ्या राहिलेल्या व्यवस्थेला जर्मन भाषेत 'सक्तीची घर-अर्थव्यवस्था' म्हणत. तिचे तीन पाय वेगवेगळे समजून घेतले पाहिजेत, कारण ल्यूके यांनी ते एकेक करून काढले.

पहिला पाय म्हणजे वाटप. प्रत्येक गावात घरवाटप कचेरी असे. रिकाम्या घरात कोण राहील हे मालक नव्हे, ती कचेरी ठरवायची. चार खोल्यांचं घर असलेल्या कुटुंबाला दोन खोल्या सोडाव्या लागत आणि तिथे अनोळखी निर्वासित कुटुंब येई. स्वयंपाकघर एकच. चूल कोणी किती वाजता वापरायची, कोळशाची बादली कुठे ठेवायची, संडासाची किल्ली कोणाकडे राहायची, अशा गोष्टींवरून वर्षानुवर्षं भांडणं चालत.

दुसरा पाय म्हणजे भाडं गोठवणं. १९३६ साली नाझी सरकारने सगळ्याच किमती वाढवण्यावर बंदी आणली, त्यात भाडीही आली. युद्धानंतर बाकीच्या वस्तूंच्या किमती मोकळ्या झाल्या तरी जुन्या घरांची भाडी तशीच राहिली.

तिसरा पाय म्हणजे बेदखलीपासून संरक्षण. ते १९२३ च्या कायद्यातलं. मालकाला नुसती नोटीस देऊन भाडेकरूला काढता येत नसे. कोर्टात दावा लावून कायद्यात मोजकी दिलेली कारणं सिद्ध करावी लागत.

मुंबईच्या वाचकाला यातला दुसरा पाय ओळखीचा वाटेल. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली आणि पागडीच्या इमारतींची पुढची सगळी कहाणी त्यातून आली. दोन्हीकडे युद्धकाळातली तात्पुरती तरतूद पक्की होऊन बसली आणि परिणामही सारखाच झाला. भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघेना, मग दुरुस्ती बंद. छप्पर गळतं, मालक म्हणतो परवडत नाही, भाडेकरू म्हणतो मी का करू. पुढची वाट मात्र दोन्ही ठिकाणी वेगळी झाली.

घरं बांधली कशी: पैशांचे थर

नियंत्रण उठवण्याआधी घरं हवीत, म्हणून आधी तो हिशेब. ल्यूके यांच्या आधीच तो सुरू झाला होता. पहिले गृहनिर्माण मंत्री एबरहार्ड विल्डरमुथ यांच्या काळात, एप्रिल १९५० मध्ये, पहिला गृहनिर्माण कायदा आला. सहा वर्षांत १८ लाख स्वस्त घरं, असं लक्ष्य त्यात होतं. घराचं क्षेत्रफळ ३२ ते ६५ चौरस मीटर, भाडं सुरुवातीला महिन्याला चौरस मीटरमागे एक मार्क. विल्डरमुथ १९५२ साली मंत्रिपदावर असतानाच वारले, पण यंत्रणा थांबली नाही. १९५३ पासून वर्षाला पाच लाखांहून अधिक घरं पुरी होऊ लागली आणि ल्यूके यांच्या आठही वर्षांत तो वेग टिकला.

ही घरं सरकारने स्वतः बांधली नाहीत. बांधणारे होते सहकारी संस्था, नगरपालिकांच्या कंपन्या, खासगी मालक, आणि स्वतःचं घर बांधणारी कुटुंबं. सरकार फक्त पैशांचा एक थर पुरवायचं. थर असे: तळाशी बचत बँकेचं किंवा तारण बँकेचं पहिलं कर्ज. त्यावर बऱ्याचदा गृहबचत संस्थेचं दुसरं. मग सरकारचं कर्ज, बिनव्याजी किंवा नाममात्र व्याजाचं, आणि वसुलीच्या रांगेत सर्वांत मागे उभं राहणारं. घर बुडीत निघालं तर आधी बँकेचे पैसे सुटतील, सरकारचे शेवटी. या एका कलमामुळे बँका कर्ज द्यायला तयार झाल्या. आणि सर्वांत वर बांधणाऱ्याचा स्वतःचा वाटा. तो रोख नसेल तर श्रमाच्या रूपात चाले: पाया खणणं, विटा वाहणं, गिलावा करणं. या श्रमाच्या भांडवलाला जर्मन माणूस 'मुस्केलहिपोटेक' म्हणतो, म्हणजे दंडाच्या बळावर काढलेलं गहाणखत.

आता भाडं. १९५६ च्या दुसऱ्या कायद्यापासून सरकारी मदतीच्या घरांना 'खर्चाधारित भाडं' लागू झालं. एक मार्कचा सरसकट दर गेला आणि घराचा खरा खर्च मोजून भाडं काढायचं ठरलं. कल्पनेतलं एक उदाहरण घेऊन तो हिशेब करून पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

समजा ६० चौरस मीटरचं घर जमिनीसह ३०,००० मार्कांत झालं, त्यातले ३,००० जमिनीचे. बँकेचं कर्ज १२,०००, व्याज ६ टक्के: वर्षाला ७२० मार्क. सरकारी कर्ज १३,५००, व्याज शून्य. मालकाचे स्वतःचे ४,५००, म्हणजे एकूण खर्चाच्या १५ टक्के. या वाट्यावर मालकाला ४ टक्के परतावा धरता येतो: १८० मार्क. इमारतीची झीज वर्षाला १ टक्का: २७० मार्क. देखभाल, व्यवस्थापन, कर वगैरे मिळून ३६० धरू. बेरीज १,५३०. घर मधेच रिकामं राहिलं किंवा भाडं बुडलं तर, म्हणून भाड्याच्या २ टक्के वेगळे धरायचे, की वर्षाचं भाडं होतं सुमारे १,५६१. महिन्याला १३० मार्क, चौरस मीटरमागे २ मार्क १७ फेनिग.

सरकारी कर्ज काढून टाका आणि तेही पैसे बँकेकडून ६ टक्क्यांनी घ्या. खर्चात ८१० मार्कांची भर पडते आणि तेच भाडं महिन्याला १९९ मार्कांवर जातं, चौरस मीटरमागे ३ मार्क ३२ फेनिग. महिन्याचा हा ६९ मार्कांचा फरक म्हणजे सरकारची मदत. आणि ती माणसाला दिलेली नाही, विटांमध्ये जिरवलेली आहे.

इथेच खोट निघते. घर मिळालं त्या दिवशी भाडेकरू गरजू होता. दहा वर्षांनी नसेल, तरी विटांमधली मदत त्यालाच मिळत राहते, आणि दाराबाहेर रांगेत उभ्या असलेल्याला काहीच नाही. ल्यूके यांना हे खटकत होतं. दुसरी गोष्ट त्यांच्या कॅथलिक धारणेतून आलेली: कुटुंबाला भाड्याच्या खोल्यांपेक्षा स्वतःच्या मालकीचं, छोट्या बागेचं घर मिळावं. म्हणून १९५६ च्या कायद्यात अशा घरांना मदतीत अग्रक्रम होता. १९५७ ते १९६२ या काळात पुन्हा १८ लाख सामाजिक, म्हणजे सरकारी मदतीच्या स्वस्त घरांचं लक्ष्य त्यात ठेवलं होतं.

ल्यूके योजना: काळे जिल्हे, पांढरे जिल्हे

२३ जून १९६० चा कायदा. नाव लांबलचक: सक्तीची घर-अर्थव्यवस्था संपवण्याचा आणि सामाजिक भाडेहक्काचा कायदा. १९५७ च्या निवडणुकीत सीडीयू आणि तिच्या बव्हेरियातल्या भगिनी पक्षाला मिळून ५०.२ टक्के मतं मिळाली होती, त्यामुळे सोशल डेमोक्रॅटिक पक्ष म्हणजे एसपीडी आणि भाडेकरू संघ यांचा विरोध असूनही कायदा पास झाला.

गाभा एका आकड्यात आहे: ३ टक्के. प्रत्येक जिल्ह्यात, आणि मोठं शहर असेल तर त्या शहरात, घरांची तूट मोजायची. तूट ३ टक्क्यांखाली आली की तो जिल्हा 'पांढरा'. तिथे नियंत्रणाचे तिन्ही पाय टप्प्याटप्प्याने काढायचे: घरवाटप कचेरीचा अधिकार जातो, जुन्या घरांचं भाडं मोकळं होतं, बेदखलीविरुद्धचं जुनं संरक्षणही संपतं. तूट त्याहून जास्त असेल तर जिल्हा 'काळा', आणि नियंत्रण चालू.

यातली शहाणपणाची बाजू स्पष्ट आहे. सगळ्या देशाला एकच तारीख लावली असती तर हॅम्बुर्गमध्ये गोंधळ माजला असता आणि बव्हेरियातल्या खेड्यांत, जिथे घरं मिळत होती, उगाच वर्षं वाया गेली असती. शिवाय भाडं मोकळं करण्याआधी जुन्या घरांना ठरावीक टक्क्यांच्या वाढी दिल्या गेल्या, म्हणजे शेवटची उडी लहान राहावी. १९६३ पासून भाडी खऱ्या अर्थाने मोकळी होऊ लागली आणि काही वर्षांतच देशाचा बहुतेक भाग पांढरा झाला. हॅम्बुर्ग आणि म्युनिक मात्र १९७० च्या दशकापर्यंत थांबले, आणि पश्चिम बर्लिनमध्ये जुन्या घरांचं भाडेनियंत्रण १९८७ च्या अखेरीस संपलं. कायदा झाल्यावर सत्तावीस वर्षांनी.

चूक झाली ती मोजणीत. 'तूट' ही वस्तू डोळ्यांना दिसत नाही, ती हिशेबाने काढावी लागते: एका बाजूला कुटुंबं, दुसऱ्या बाजूला घरं. कुटुंब कशाला म्हणायचं यावर सगळा खेळ. एकट्या राहणाऱ्या माणसांना पूर्ण संख्येने धरलं जात नव्हतं. आपल्याला वाटेल, एकटा माणूस खोली भाड्याने घेऊन राहील, त्याला स्वतंत्र घर कशाला? पण विधवा, शहरात नोकरीला आलेली तरुण मुलं, विद्यार्थी यांचीच संख्या वाढत होती आणि त्यांना घरं हवी होती. दुसऱ्या बाजूला मोडकळीला आलेलं, ओल धरलेलं घरही घरच मोजलं जाई. कागदावर तूट २ टक्के, आणि प्रत्यक्षात घर शोधायला निघालं तर परवडणारं काही नाही, असे पांढरे जिल्हे त्यामुळे तयार झाले. तिथे भाडी झपाट्याने चढली.

मोजणीवर मर्यादा ठरणार असेल तर मोजणीची व्याख्या हीच खरी धोरणाची जागा असते. ल्यूके यांच्या टीकाकारांनी हे तेव्हाच बजावलं होतं, आणि त्यांचं म्हणणं बरोबर निघालं.

नोटीस आली तर काय

तिसरा पाय काढताना ल्यूके यांनी त्या जागी एक आधार ठेवला: दिवाणी कायद्यातलं 'सामाजिक कलम'. मालक कारण न देताही मुदतीची नोटीस देऊ शकतो, पण घर सोडणं भाडेकरूला किंवा त्याच्या कुटुंबाला अतोनात जाचक होणार असेल, तर तो लेखी हरकत घेऊ शकतो. मग कोर्ट दोन्ही बाजू तोलतं. म्हातारपण, आजारपण, गरोदरपण, दुसरं घर न मिळणं अशा गोष्टी भाडेकरूच्या पारड्यात. पटलं तर करार पुढे चालू.

जुन्या आणि नव्या व्यवस्थेतला फरक बारीक वाटतो, पण फार मोठा आहे. आधी मालकाला कोर्टात जावं लागे आणि कारण सिद्ध करायची जबाबदारी त्याची. आता नोटीस आधी येते आणि आपली अडचण सिद्ध करायची जबाबदारी भाडेकरूची. ज्याला कायदा माहीत नाही, जो मुदतीत लिहीत नाही, तो हरतो. मालकांना हेही कळलं की नोटीस हे भाडं वाढवण्याचं हत्यार आहे: वाढ मान्य कर, नाहीतर जागा सोड.

१९७१ साली, एसपीडीच्या नेतृत्वाखालच्या सरकारने हे उलटवलं. मालकाला नोटिशीसाठी रास्त कारण दाखवणं पुन्हा सक्तीचं झालं, उदाहरणार्थ स्वतःच्या कुटुंबासाठी घर हवं असणं. आणि भाडं वाढवायचं तर ते त्याच भागातल्या तशाच घरांच्या प्रचलित भाड्याच्या मर्यादेत, अशी 'तुलनात्मक भाड्याची' पद्धत आली. १९७४ च्या कायद्याने ती कायम केली. आजच्या जर्मन भाडेकायद्याचा कणा हाच आहे. त्यामुळे ल्यूके यांचा कायदा टिकला की गेला, याचं उत्तर सरळ नाही: गोठवलेलं भाडं परत आलं नाही, मोकळी नोटीसही उरली नाही. सामाजिक कलम मात्र अजून आहे.

वोनगेल्ड: मदत विटांना की माणसाला

ल्यूके यांचं सर्वांत टिकाऊ काम हे. १९६३ मध्ये पांढऱ्या जिल्ह्यांपुरती भाडेमदत सुरू झाली आणि १ एप्रिल १९६५ पासून ती 'वोनगेल्ड' या नावाने देशभर लागू झाली. वोनगेल्ड म्हणजे राहण्यासाठीचे पैसे. घर सरकारी मदतीचं असो, जुनं असो, खासगी असो, मदत घराला नाही, राहणाऱ्याला. भाडेकरूला भाड्यासाठी, आणि स्वतःच्या घराचे हप्ते फेडणाऱ्यालाही.

किती मिळेल हे तीन गोष्टींवर ठरतं: घरात माणसं किती, उत्पन्न किती, आणि भाडं किती. यातली तिसरी गोष्ट नीट समजली पाहिजे. भरलेलं सगळं भाडं धरलं जात नाही, एका मर्यादेपर्यंतच धरलं जातं. मर्यादा नसती तर मालकाने भाडं वाढवलं की सरकारने तेवढी मदत वाढवायची, असा सरळ खजिन्यातून मालकाच्या खिशात जाणारा पाट तयार झाला असता. आज ही मर्यादा शहराच्या महागाईप्रमाणे सात पातळ्यांत वाटलेली आहे.

उत्पन्न वाढतं तशी मदत हळूहळू उतरते, एकदम तुटत नाही. आजच्या कायद्यातलं सूत्र असं: धरलेल्या भाड्यातून एक रक्कम वजा करायची आणि उरलेल्याला १.१५ ने गुणायचं. ही वजा रक्कम म्हणजे मासिक उत्पन्न गुणिले एक दर, आणि तो दर स्वतःच उत्पन्नाबरोबर आणि भाड्याबरोबर वाढत जातो. म्हणून कमी उत्पन्नावर थोडंच वजा होतं आणि पगार वाढेल तसं वजा होणं वेग घेतं. ओव्हरटाइमचे थोडे पैसे मिळाले म्हणून सगळी मदत गेली, असं सहसा होत नाही. निर्वाह भत्त्यात ज्यांचा घरखर्च आधीच धरलेला असतो त्यांना वोनगेल्ड मिळत नाही. बाकीच्यांनी अर्ज करावा लागतो, आणि अर्ज केला त्या महिन्यापासून पैसे सुरू होतात, मागचे नाहीत. पात्र असूनही अर्जच न करणारे लोक हा या योजनेचा जुना दुखरा भाग. खर्च निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा.

दुसरा दोष पहिल्यापासून होता आणि तो सुधारायला अर्धं शतक लागलं. भाडी दरवर्षी वाढतात, पगारही वाढतात, पण वोनगेल्डचे तक्ते संसदेने बदलले तरच बदलायचे. मधल्या वर्षांत पगार थोडा वाढला की माणूस यादीतून गळायचा, जरी भाडं त्याहून जास्त वाढलेलं असलं तरी. २०२२ पासून दर दोन वर्षांनी आपोआप वाढ होते. आणि १ जानेवारी २०२३ पासून, क्लारा गायविट्स गृहनिर्माण मंत्री असताना, योजना मोठी केली गेली: त्याआधी सुमारे सहा लाख कुटुंबांना मदत मिळे, ती वीस लाखांपर्यंत पोचावी असा हिशेब होता. ल्यूके यांच्या वेळी स्वतंत्र असलेलं हे खातं १९९८ पासून कधी वाहतूक, कधी पर्यावरण, कधी गृह खात्याला जोडलेलं होतं. ते पुन्हा वेगळं झालं डिसेंबर २०२१ मध्ये, आणि गायविट्स त्याच्या पहिल्या मंत्री.

जमिनीवर लावलेला कर

त्याच दिवशी, २३ जून १९६० रोजी, आणखी एक कायदा झाला: केंद्रीय बांधकाम कायदा. राज्याराज्यांचे वेगवेगळे नियम जाऊन नगररचनेला एकच चौकट मिळाली. आधी सगळ्या गावाचा जमीनवापर आराखडा आणि मग त्यातल्या एकेका भागाचा बांधकाम आराखडा, ही दोन पायऱ्यांची पद्धत आजही चालते. याच कायद्याने बांधकामाच्या जमिनीच्या गोठवलेल्या किमतीही मोकळ्या झाल्या आणि किमती उसळल्या. लोक जमीन धरून बसू लागले.

त्यावर उपाय म्हणून बांधकामयोग्य पण मोकळ्या ठेवलेल्या जमिनीवर जादा कर लावला होता, मालमत्ताकराचा 'सी' प्रकार. कल्पना चांगली: कर जड झाला की मालक बांधेल किंवा विकेल. झालं वेगळंच. मुलासाठी एखादा प्लॉट राखून ठेवलेला छोटा मालक कराने जेरीस येऊन विकू लागला, आणि ज्याच्याकडे पैसा होता तो कर भरत ती जमीन घेऊन आणखी थांबू शकला. कर १९६१ आणि १९६२ एवढी दोनच वर्षं लागू राहिला. २०२५ पासून जर्मन नगरपालिकांना हाच 'सी' प्रकार लावण्याची मुभा पुन्हा मिळाली आहे. जिथे लावला जाईल तिथे छोट्या मालकाचं काय होतं, ते आधी पाहावं.

मंत्रिपदाचा शेवट

ऑक्टोबर १९६५ मध्ये ल्यूके गृहमंत्री झाले, आधी लुडविग एरहार्ड यांच्या आणि १९६६ पासून कुर्ट गेऑर्ग कीझिंगर यांच्या सरकारात. सीडीयू आणि एसपीडी यांनी मिळून सरकार चालवावं या विचाराचे ते जुने पुरस्कर्ते. १९६२ मध्येच एसपीडीचे हर्बर्ट वेनर यांच्याशी त्यांनी बोलणी केली होती, ती तेव्हा फसली. दोन मोठ्या पक्षांनी एकत्र येऊन निवडणूक पद्धत बदलावी, हा त्यांचा हट्ट होता. प्रत्येक मतदारसंघात ज्याला जास्त मतं तो निवडून येईल, ब्रिटनसारखी किंवा आपल्या लोकसभेसारखी पद्धत. त्याने छोट्या पक्षांची, विशेषतः उदारमतवादी एफडीपीची, सरकार पाडण्याची ताकद संपली असती.

मार्च १९६८ मध्ये एसपीडीने न्यूरेंबर्गच्या अधिवेशनात हा निर्णय पुढे ढकलला. ल्यूके यांनी त्यावर राजीनामा दिला आणि एप्रिलच्या सुरुवातीला पद सोडलं. एका तत्त्वासाठी गृहमंत्रिपद सोडणारे मंत्री तेव्हाही विरळच होते. चार वर्षं ते साधे खासदार राहिले. १० ऑगस्ट १९७६ रोजी एर्लांगेन इथे त्यांचं निधन झालं.

विटांतल्या मदतीचं पुढे काय झालं

ल्यूके यांच्या काळात उभ्या राहिलेल्या सामाजिक घरांना एक मुदत आतच शिवलेली होती. स्वस्त भाड्याचं बंधन सरकारी कर्जाशी बांधलेलं. कर्ज फिटलं की, कायद्यात असेल तर थोडी पुढची वर्षं धरून, बंधन संपतं आणि घर साध्या बाजारात जातं. इमारत तीच, जिना तोच, फक्त फायलीतला शेरा बदलतो. नवी घरं जुन्यांच्या वेगाने येत होती तोवर हे कुणाला जाणवलं नाही. १९८० नंतर नवी कमी झाली आणि जुनी गळत राहिली. आज अशी बंधनातली घरं जर्मनीत ११ लाखांच्या आसपास उरली आहेत. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराने उलट केलं: घरं नगरपालिकेच्याच मालकीची ठेवली, त्यामुळे तिथे बंधन संपण्याची तारीखच नाही. पश्चिम जर्मनीने बांधकामाचा वेग मिळवण्यासाठी खासगी मालक आणि संस्थांना सोबत घेतलं, आणि त्यांना सोबत घेण्याची किंमत ही मुदत होती. १९५० साली थंडीत कोळशाच्या एका चुलीभोवती तीन कुटुंबं बसलेली असताना तो सौदा कुणीही केला असता.